वायसरावर गुंडाळलेला रेडिओ

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोकांचा जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी पडले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटलं. पुढे तिथे जे अत्याचार झाले ते छापायची वर्तमानपत्रांना सोय नव्हती. सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण मांडलं, तर त्या उपोषणाची बातमीसुद्धा दाबली गेली. तरीही आष्टी-चिमूरची हकीकत देशात उघडपणे बोलली गेली. ती बोलणारं यंत्र कुठल्या कंपनीच्या खोक्यातून आलेलं नव्हतं, मुंबईत एका हौशी माणसाने ते स्वतः जुळवलं होतं.

काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात बसून ‘भारत छोडो’चा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस हवेत एक आवाज येऊ लागला: हे काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. आष्टी आणि चिमूरचं सविस्तर वर्णन आपण प्रसारित केलं, असं त्यांनीच पुढे आठवणीत सांगितलं आहे. जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत तगलं. त्या दिवशी पोलिसांनी ते गिरगावात पकडलं.

ट्रान्समीटर बांधून दिला होता नरिमन प्रिंटर यांनी. ते हौशी रेडिओवाले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी लोकांना आपापली प्रक्षेपणयंत्रं पोलिसांकडे जमा करायचे हुकूम धाडले होते. पण यंत्र जमा करता येतं. ते कसं बांधायचं हे डोक्यातून काढून कुठल्या चौकीत जमा करणार? पुढे हेच प्रिंटर सरकारी साक्षीदार झाले, हेही त्याच गोष्टीत आहे आणि ते गाळून पुढे जाणं बरोबर नाही.

मला या साऱ्यात खिळवून ठेवतो तो आकडा. रेडिओलहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याला ४२.३४ मीटरने भागलं की लहर सेकंदात किती हेलकावे घेते ते कळतं: सुमारे सत्तर लाख ऐंशी हजार, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅमना, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळालेला आहे. काँग्रेस रेडिओची जागा नेमकी त्याच्या आत येते. देशभरातले हॅम एकमेकांना पाऊसपाणी, तब्येत आणि अँटेनाची उंची विचारतात ते याच पट्ट्यात.

हा पट्टा घरी यंत्र बांधणाऱ्याला इतका प्रिय का? वर्धा ते मुंबई सरळ रेषेत सुमारे सव्वासहाशे किलोमीटर. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे मुंबईच्या गच्चीवरून क्षितिजाच्या दिशेने सरळ निघालेली लहर वर्ध्यापाशी पोचेपर्यंत जमिनीपासून तीस किलोमीटर वर गेलेली असेल. म्हणजे वर्ध्यात काहीच ऐकू यायला नको. पण त्याहून खूप वर, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, सूर्याच्या अतिनील किरणांनी विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. लहर तिथे शिरली की हे सुटे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर थरथरतात आणि तिला वाकवत वाकवत पुन्हा जमिनीकडे धाडतात. या थराला आयनोस्फिअर म्हणतात. हा आभाळातला आरसा कुणी टांगलेला नाही, त्याला वीजबिल येत नाही. दिवसा त्याच्या खालचा, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक थर लहरीतली बरीच ऊर्जा गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तीच लहर शेकड्यांऐवजी हजारो किलोमीटर जाते.

या आरशापर्यंत पोचायला लागतं तरी काय? वीस मीटर तांब्याची तार, मधोमध कापून दहा-दहा मीटरचे दोन हात. एक टोक कडुनिंबाला बांधायचं, दुसरं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला. तार वीस मीटर एवढ्यासाठी की ती तरंगलांबीच्या अर्धी भरते आणि लहर तिच्यात पुरती रमते. ताकद दहा वॉट असली तरी पुष्कळ, घरातला एक एलईडी बल्ब तेवढी वीज खातो.

या लहरी हौशी लोकांच्या वाट्याला आल्या तीही मजाच. अमेरिकेत १९१२ साली कायदा झाला तेव्हा लांब लहरी सरकारने नि कंपन्यांनी ठेवून घेतल्या आणि दोनशे मीटरच्या खालचा, कुचकामी समजलेला भाग पोरासोरांना दिला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी लोकांचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. १९२३ च्या नोव्हेंबरात शंभर-एक मीटरच्या लहरींवर अमेरिका आणि फ्रान्सच्या हौशी लोकांनी एकमेकांशी संभाषण केलं. सगळी यंत्रं घरची. दुकानात मिळत नव्हतीच, तर दुसरा मार्ग कुठला?

इथेच माझं म्हणणं सांगून टाकतो. घरी रेडिओ बांधायची हौस कमी-जास्त होते तेव्हा आपण ‘हल्लीच्या पोरांना चिकाटी नाही’ असं म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. ही हौस बाजाराच्या मागे मागे चालते. जे विकत मिळत नाही किंवा परवडत नाही, ते माणसं बांधतात.

वर्ध्यात बसून बांधायला सर्वांत सोपा रेडिओ म्हणजे बॅटरी न लागणारा क्रिस्टल सेट. आकाशवाणी नागपूर १९४८ साली सुरू झालं. पुढे ५८५ किलोहर्ट्झवर त्याचा तीनशे किलोवॉटचा ट्रान्समीटर गर्जत असे, आणि १९८८ पासून राष्ट्रीय वाहिनीसाठी नागपूरहूनच १५६६ किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॉट, म्हणजे दहा लाख वॉट. नागपूर इथून जेमतेम पाऊणशे किलोमीटर. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, आणि जमीन जितकी ओली तितकी त्यांची वाट सोपी. आपली कपाशीची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात अर्थिंग फार झकास मिळतं. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं.

सेटमध्ये असतं एक कॉइल, एक गँग कंडेन्सर, एक ओए७९ डायोड आणि कानाला लावायचा इअरफोन. कॉइल नि कंडेन्सर मिळून हवं ते स्टेशन निवडतात. डायोड लहरीचा एकाच बाजूचा हेलकावा पुढे सोडतो, त्यामुळे लाखो हेलकाव्यांवर स्वार झालेला आवाजाचा चढ-उतार मोकळा होतो. कानातला पडदा हलवणारी ऊर्जा कुठून आली? ना सेलमधून, ना भिंतीतल्या प्लगमधून. ती नागपूरच्या मनोऱ्यावरून पाऊणशे किलोमीटर कपाशीच्या रानांवरून आली, तारेत उतरली आणि थेट तुमच्या कानात गेली. मला अजूनही हे जादूच्या प्रयोगासारखं नव्हे, त्याहून सरस वाटतं, कारण जादूत काहीतरी लपवलेलं असतं आणि इथे चारही वस्तू टेबलावर उघड्या पडलेल्या असतात.

साठ ते ऐंशीची दशकं या कामाची भरभराट. घरात रेडिओ ऐकायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. तयार सेट महाग, परदेशी यंत्रावर आयातीचा बडगा. म्हणून पोरं सुटे भाग आणून रेडिओ जुळवत: बीएफ१९४, बीसी१४८ हे ट्रान्झिस्टर, टूजे गँग, लाल-पिवळ्या-पांढऱ्या टोप्यांचे आयएफटी, फेराइटची दांडी. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी मिळत. १९६९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकात सर्किटं येऊ लागली. हॅम मंडळींचा मामला याहून जड होता. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेली लष्करी यंत्रं, त्यांतले ८०७ सारखे व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हना लागणारे चारशे-सहाशे व्होल्ट. अशा सेटवर काम करताना एक हात खिशात ठेवायचा हा जगभरच्या हॅमचा दंडक. दोन्ही हात आत घातले तर धक्का एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघतो आणि वाटेत हृदय लागतं.

मग हा डाव पालटला. आयात सैल झाली, जपानी ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलणं नि ऐकणं एकाच पेटीत करणारी यंत्रं, आले, आणि २०१२ नंतर चिनी हँडी सेट इतके स्वस्त झाले की तेवढ्यात घरी बांधायचे भागसुद्धा येईनात. अमेरिकेतल्या हीथकिट कंपनीची कथा यात बोलकी आहे. १९४७ मध्ये युद्धातल्या उरलेल्या भागांचा ऑसिलोस्कोप किट म्हणून विकून तिने धंदा उभारला आणि लाखो लोकांना सोल्डरिंग शिकवलं. तिचं गणित सरळ होतं. कारखान्यात सर्वांत महाग असते ती भाग हाताने जोडण्याची मजुरी. ती मजुरी गिऱ्हाइकाने आपल्या टेबलावर फुकट करायची आणि तेवढे पैसे वाचवायचे. पुढे यंत्रं मिनिटाला शेकडो भाग पट्टीवर चिकटवू लागली. मजुरी जवळपास शून्यावर आली, तेव्हा किट स्वस्त राहण्याचं कारणच संपलं. १९९२ मध्ये हीथकिटने किट बंद केले. त्यातच भाग एवढे बारीक झाले की नेहमीच्या वापरातला एक रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद. चाळिशी लागलेल्या माणसाने तो चिमट्यात धरायचा, शिंक आली तर विसरायचा.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही याचं मोठं श्रेय हैदराबादला जातं. वर्धा आणि हैदराबाद जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. इथून नाकासमोर दक्षिणेला पावणेचारशे किलोमीटर गेलं की ते गाव येतं. तिथल्या अशर फरहान यांनी, व्हीयू२ईएसई हे त्यांचं बोलावण्याचं नाव, २००३ च्या सुमाराला ‘बिटएक्स’ नावाच्या ट्रान्सीव्हरचा आराखडा सर्वांना खुला केला. परदेशी आराखड्यांत ठरावीक कंपनीच्या लोखंडी भुकटीच्या कड्या, टोरॉइड, मागितलेल्या असत. त्या भारतात मिळणं मुश्कील. फरहान यांनी काय वापरलं? नळाचा नायलॉनचा वायसर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, त्यावर तांब्याची तार गुंडाळायची. दुसरीकडे टीव्हीच्या अँटेनाच्या बलूनमधलं फेराइट. आणि आवाजाचा चाळणफिल्टर करायला कॉम्प्युटरात घड्याळासाठी वापरतात ते १० मेगाहर्ट्झचे स्वस्त क्रिस्टल.

त्या क्रिस्टलमध्ये क्वार्ट्झची बारीक चकती असते. तिला वीज लावली की ती कंप पावते, तीही एका नेमक्या गतीला, सेकंदाला एक कोटी वेळा. बाकी गतींना ती दादच देत नाही. एकसारखे चार क्रिस्टल एकापुढे एक लावले की अख्ख्या आकाशातून माणसाच्या आवाजाला पुरेल एवढीच, अडीच-तीन किलोहर्ट्झची फट उघडी राहते. बिटएक्समधली खरी हुशारी पुढे आहे. बोलताना आवाज मायकातून अँटेनाकडे जातो, ऐकताना अँटेनातून कानाकडे. रस्ता तोच, दिशा उलटी. मग दोन वेगळी यंत्रं कशाला? फरहान यांनी प्रत्येक टप्प्यावर उलटसुलट तोंडांचे ट्रान्झिस्टर बसवले. ज्यांना वीज द्याल त्या दिशेने संदेश वाहतो, फिल्टर मात्र दोघांचा एकच. अर्ध्या भागांत पूर्ण रेडिओ. जगभरच्या लोकांनी तो बांधला. टंचाईतून निघालेला आराखडा जिथे टंचाई नव्हती त्या देशांतही गेला, कारण तो समजत होता.

आमच्या भागाची म्हणून एक वेगळी अडचण या यंत्रांना होती: ऊन. जुन्या पद्धतीच्या रेडिओत स्टेशन लावायचं काम कॉइल नि कंडेन्सरची जोडी करते. कॉइल तापली की किंचित फुगते आणि तिची गती सरकते. तापमान एका अंशाने वाढल्यावर गतीत दहा हजारांत एक भाग एवढा फरक पडला, तर ७ मेगाहर्ट्झवर तो ७०० हर्ट्झ होतो, आणि आवाज चिरका व्हायला शंभर हर्ट्झ पुरतात. मे महिन्यात वर्धा पंचेचाळीस अंशांच्या वर जातं. सकाळी जुळवलेला सेट दुपारी कुठे भरकटेल याचा नेम नसे. जाणकार लोक कंडेन्सर निवडून निवडून, एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या आकसण्याने खोडून काढत. ती कारागिरी आता एका चिपने संपवली. एसआय५३५१ नावाची तीन मिलिमीटर रुंदीची चिप एका क्रिस्टलचा आधार घेऊन मागाल ती गती देते आणि उन्हातही फारशी ढळत नाही. २०१६ मध्ये फरहान यांचा ‘बिटएक्स-४०’ किट ७ मेगाहर्ट्झसाठी आला, पुढे त्याला हीच चिप जोडली गेली, आणि २०१७ अखेर तिच्याच जोरावर सर्व लघुलहरी पट्ट्यांचा ‘मायक्रोबिटएक्स’ आला.

काही जुनी मंडळी नाक मुरडतात: चिप विकत, बोर्ड तयार, यात घरचं काय? मी त्यांच्या बाजूचा नाही. प्रिंटर यांनी १९४२ मध्ये व्हॉल्व्ह काही स्वतः फुंकला नव्हता. आतला मार्ग माहीत असणं, बिघडलं तर उघडून दुरुस्त करता येणं आणि मनात आलं तर बदल करता येणं, एवढं असलं की यंत्र घरचं. वर्ध्याला हा वाद नवा नाही. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्याला एक लाखाचं बक्षीस लावलं, तेव्हा चरखा भारतातच बनावा आणि दीडशे रुपयांच्या आत बसावा अशा अटी होत्या. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढे मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाचं काम उभं केलं, तिथेही प्रत्येक यंत्राला हेच विचारलं जाई: हे गावात बनेल का, गावात दुरुस्त होईल का? बिटएक्सचा आराखडा त्या परीक्षेला बसवला तर बऱ्याच गुणांनी पास होईल, चिपपाशी मात्र अडखळेल.

नव्या लाटेतली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट बोलण्याची नाहीच, कुजबुजण्याची आहे. जोसेफ टेलर या खगोलशास्त्रज्ञाला १९९३ चं भौतिकीचं नोबेल मिळालं, ते ताऱ्यांच्या क्षीण रेडिओ-ठोक्यांच्या अभ्यासासाठी. ते स्वतः हॅम. क्षीण संदेश गोंगाटातून वेचायची विद्या त्यांनी हौशी लोकांना दिली आणि २००८ मध्ये ‘विस्पर’ ही पद्धत आणली. तिच्यात संदेश फक्त पन्नास बिटांचा: बोलावण्याचं नाव, ठिकाण, ताकद. पण तो पाठवायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. इतक्या सावकाश बोललं की पलीकडचा संगणक सहाशे पट मोठ्या गोंगाटातूनही शब्द उचलतो. वर उल्लेखलेली चिप, एक छोटा आर्डुइनो बोर्ड आणि तार एवढ्यावर घरी बांधलेलं यंत्र वॉटच्या पाचव्या हिश्शात दुसऱ्या खंडात ऐकू जातं. ठिकाण सांगायला हॅम लोकांनी पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत. वर्धा शहर येतं ‘एमएल९०’ मध्ये. आष्टी थोडं उत्तरेला, एकविसाव्या अक्षांशापलीकडे, म्हणून ते ‘एमएल९१’.

परवाना मात्र लागतो. वय बारा पूर्ण हवं, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यायची, नियम आणि थोडी विजेची तत्त्वं विचारतात. वरच्या श्रेणीला मोर्सही यावं लागतं. नुसतं ऐकायचा सेट आधी बांधून बघितला तर पुढचं सोपं जातं.

आणि बांधायला बसलात तर एक काम हातानेच करावं लागेल. रेझिस्टर, कंडेन्सर, चिप सगळं यंत्र चिकटवतं. पण टोरॉइडवर तार गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला तारेचं टोक कडीच्या भोकातून ओढून काढावं लागतं, आणि तसं यंत्राकडून करवून घेणं किचकट नि महाग. फरहान यांच्या किटमधली कॉइल्स म्हणूनच हैदराबादेत बायका हाताने गुंडाळत आल्या आहेत. नवशिक्यांचा घोळ होतो तो मोजण्यात. बाहेरून दिसणारे वेढे मोजायचे नाहीत. तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. नुसती एकदा आरपार सरळ गेली तरी तो एक.